कापड बुडायला हवं

भिवंडी,
५ जानेवारी २०२५

मिथुनदादा, जय भीम.

माझा नंबर तू ब्लॉक केलास हे कळलं. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. इचलकरंजीचा पत्ता तुझ्या दोस्तानं, भावेशनं दिला. त्याच्यावर चिडू नकोस, मी त्याच्या दुकानात ठाण मांडून बसले होते आणि त्याची गिऱ्हाइकं परत जायला लागली होती.

आधी भांडणाचं उरकून घेते. बाबा गेले, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी तू म्हणालास, चारही पॉवरलूम भंगारात काढू. मी नाही म्हणाले. तू म्हणालास, ह्या लूमच्या धुळीनं बाबांची छाती खाल्ली, ते चालू आहेत तोवर मी घरात पाऊल टाकणार नाही. आणि बॅग उचलता उचलता मला विचारलंस, "बाबांच्या छातीत काय गेलं, ते आहे का तुझ्या बी.एस्सी.च्या पुस्तकात?" तर दादा, माझं मागणं एवढंच आहे की लूम चालू राहावेत आणि तू घरी यावंस. मला दोन्ही हवंय. हट्टी आहेच मी, त्यात नवीन काय.

आता मजा ऐक. साध्या कापडाला सध्या कोणी विचारत नाही, म्हणून मी मलमपट्टीचं जाळीदार कापड विणायचं ठरवलं. दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये रीमा मॅडम आहेत, त्यांच्याकडे असल्या पट्ट्या पॅक होऊन दवाखान्यांना जातात. त्यांनी आपला तुकडा हातातसुद्धा नीट धरला नाही. सरळ पाण्याच्या बादलीत टाकला. "बुडालं तर घेते, तरंगलं तर नाही," म्हणाल्या. जखमेचं पाणी शोषणार नाही ती पट्टी काय कामाची? आपलं कापड मस्त तरंगत राहिलं, उन्हाळ्यात विहिरीत पोहणाऱ्या पोरासारखं.

का तरंगलं ते शोधायला मी कॉलेजची पुस्तकं काढली आणि दादा, मी वेडी व्हायची राहिले. कापसाचा एक तंतू म्हणजे एक पेशी असते. अख्खा तंतू, एकच पेशी. सरकीच्या सालीवरची एक पेशी उठते आणि इंचभर लांब वाढत जाते. मग बोंड फुटतं, पेशी मरते, आतलं सगळं सुकतं आणि भिंत तेवढी उरते. ती भिंत सेल्युलोजची. साखरेचे मणी एकामागून एक ओवावेत, हजारोंनी, तशा माळा शेजारी शेजारी घट्ट बसवलेल्या. धामणकर नाक्यापासून पार कामतघरपर्यंत आपलं सगळं गाव ह्या मेलेल्या पेशींच्या भिंती विणून जगतंय आणि मला एम.एस्सी.च्या प्रवेशाची धडपड करूनही हे कधी सुचलं नव्हतं.

भिंतीला पाणी आवडतं. पण पेशी जिवंत असताना तिनं स्वतःला जपायला वरून मेणाचा पातळ थर चढवलेला असतो, तो मेदाच्या घराण्यातला, पाण्याला दारात उभं करत नाही. त्याच्यावर आपण साइझिंगला ताण्याच्या म्हणजे उभ्या सुताला कांजी चढवतो, सूत तुटू नये म्हणून. म्हणजे मेण आणि कांजी दोन्ही उतरवायचं, पण खालच्या भिंतीला ओरखडाही न काढता. जमलं तर रीमा मॅडम वर्षभराचं काम देणार आहेत. न जमलं तर तू जिंकलास, भंगारवाल्याला मीच फोन करीन.

शाळेतल्या प्रयोगशाळेच्या नोकरीतून मी सध्या रजेवर आहे. आई बरी आहे, लूमसाठी कांड्यांवर सूत भरते आणि तुझ्या नावानं उसासे टाकते.

रत्ना


भिवंडी,
१९ जानेवारी

दादा,

ह्या आठवड्यात आईनं मला घाणेरडी म्हटलं, आणि मग तिनं स्वतः जे केलं त्यावरून मी तिला काय म्हणावं ते मला सुचत नाहीये.

मी दोन वाट्यांत पातळ कांजी घेतली आणि जखमेवर लावायच्या तपकिरी आयोडीनचा एकेक थेंब टाकला. दोन्ही निळ्याशार झाल्या. कांजी असेल तिथे आयोडीन निळं पडतं, ही खूण. मग मी एका वाटीत थुंकले. आईनं पदर नाकाला लावला.

"यासाठी शिकवली तुला? वाटीत थुकायला कालिज लागतं?"

मी म्हटलं, थांब जरा. भाजी चिरून होईपर्यंत त्या वाटीतला निळा रंग फिका होत होत गेला आणि दुसरी होती तशीच. आई दोन्ही वाट्यांकडे बघत राहिली. आपल्या लूमवरच्या नवशाकाकांना हाक मारून तिनंच दाखवलं, "बघा, हिच्या थुकीनं कांजी खाल्ली."

दादा, भाकरी खूप वेळ चावली की गोड लागते ना, ते हेच. आपल्या लाळेत एक प्रथिन असतं, ते कांजीच्या माळा तोडून सुट्टी साखर करतं. असल्या कामकरी प्रथिनांना एन्झाइम म्हणतात. आणि खरी गंमत अशी की कांजीसुद्धा त्याच साखरेच्या मण्यांची आणि कापूससुद्धा त्याच मण्यांचा. फक्त मणी जोडायची तऱ्हा निराळी. एवढ्याशा फरकानं एकाची भाकरी होते आणि दुसऱ्याची चादर. हे एन्झाइम कांजी तोडतं आणि कापसाला बोट लावत नाही. हे वाचलं तेव्हा मी खरंच शेडमध्ये नाचले, नवशाकाका साक्षीदार आहेत.

थुंकून काही गठ्ठा निघायचा नाही, म्हणून बाजारातून ह्याची पावडर आणली. ती जिवाणूंकडून करवून घेतात. जिवाणूच्या पेशीत डीएनए असतो, त्यात हे प्रथिन कसं बांधायचं ते लिहिलेलं असतं. तू नक्षीच्या कापडाच्या डॉबी लूमवर कामाला होतास तेव्हा लाकडी पट्टीत खुंट्या ठोकायचास ना, खुंटी असेल तिथे धागा उचलायचा, नसेल तिथे नाही, आणि खाली नक्षी आपोआप उतरायची? बस, तेच. खुंट्या डीएनएच्या, नक्षी प्रथिनाची.

आता वाईट बातमी. पावडरीच्या पाण्यात कापड घालून मी आईला बजावून सांगितलं होतं, पाणी हात जेमतेम सहन करील एवढंच गरम ठेव आणि पातेल्याकडे नुसतं बघत बस. मी मेण उतरवायचा सोडा आणायला नाक्यावर गेले. परत आले तर अंगणात वाफेचे लोट. पातेलं खदखदतंय, खाली लाकडं कोंबलेली आणि आई कौतुकाच्या अपेक्षेनं माझ्याकडे बघतेय. तिचं म्हणणं, कांजी शिजवताना उकळावी लागते, मग उतरवतानाही उकळायला नको का? भिवंडीत जन्म काढलेल्या बाईला ह्यापेक्षा सरळ हिशेब कुठला असणार. पण प्रथिनाची सगळी करामत त्याच्या घडीत असते. उकळलं की घडी मोडते, आणि मोडली ती मोडली.

तरीही मी वेडी आशा धरून तो तुकडा दापोड्याला नेला. तो तरंगला. रीमा मॅडम म्हणाल्या, आणखी एकदाच बघते, मग दुसऱ्या पार्टीला सांगते.

घरी येऊन मी नवशाकाकांवरच ओरडले. ते शांतपणे म्हणाले, "मी न्हाय, तुजे आयेनी केलं. पन मना सांग, त्या पावडरीन जीव हाय का न्हाय?"

"जीव नाही काका. जिवंत पेशीनं बनवलेली वस्तू आहे नुसती."

"जीव न्हाय तं मेली कशी?"

ह्याचं चांगलं उत्तर तुला सुचलं तर कळव.

आई जेवताना म्हणाली, "उकडलेलं अंडं परत कच्चं होत नाही, तसंच ना ते?" मी म्हटलं, अगदी तसंच. मग म्हणाली, "मिथुनला सांगू नकोस हां." म्हणून पहिलं तुलाच सांगितलं.

रत्ना


भिवंडी,
२ फेब्रुवारी

दादा, दादा, दादा,

बुडालं. कापड बुडालं.

क्रमानं सांगते, नाहीतर घोटाळा होईल. मंगळवारी पार्सल आलं, आईच्या नावानं. आत लांब दांड्याचं, तबकडीवर काटा फिरणारं तापमापक, तू कामाला आहेस त्या कापड धुण्या-रंगवण्याच्या प्रोसेस हाऊसमध्ये असतं तसलं. चिठ्ठी नाही. मी गुंडाळलेला पेपरसुद्धा उलटापालटा करून पाहिला, समासात काही लिहिलंय का म्हणून. मला जरा लागलंच ते. आई म्हणाली, "चिठ्ठी कशाला हवी? पत्ता त्याच्याच हातचा आहे." तो पत्त्याचा कागद तिनं उशाला ठेवलाय, मी तुला सांगितलं हे तिला सांगू नकोस.

तेव्हापासून आईला त्या काट्याचं वेड लागलंय. पातेल्याजवळ पाटावर बसते, काटा जरा पुढे सरकला की लाकूड ओढते, मागे आला की सारते. शेजारच्या बायकांना सांगते, "ह्याच्यात प्रथिन आहे, जास्त तापलं की मरतं." मी म्हटलं, अगं ते जिवंत नसतं. तर म्हणते, "तुला काय कळतंय, मी मारलंय एकदा."

ह्या खेपेला धुतलेल्या कापडावर आयोडीनचा थेंब टाकला तर तो तपकिरीच राहिला. निळ्याचं नाव नाही, म्हणजे कांजी गेली. उरलं मेण. त्यासाठी सोडा घालून उकळायचं असतं, मेणातला बराच भाग साबण होऊन निघतो. आईनं घाबरत विचारलं, "आता उकळू?" मी म्हटलं, आता हवं तेवढं उकळ. ती हसली, दादा. बाबा गेल्यापासून तिचं हसू मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला रडू आलं.

दापोड्याला नवशाकाका सोबत आले. रीमा मॅडमनी तुकडा बादलीत सोडला. तो क्षणभर पाण्यावर पसरला, कडेनं काळवंडत गेला आणि सरळ तळाशी जाऊन बसला. मॅडमनी दुसरा तुकडा टाकला, मग गठ्ठ्याच्या मधून फाडून तिसरा. तिन्ही तळाशी. काका गोडाऊनच्या हमालांना सांगत सुटले, "आमचा कपरा बुरला, आमचा बुरला," आणि ते बिचारे हळहळायला लागले, कुठे बुडालं, किती नुकसान झालं म्हणून.

काम मिळालं. चारही लूम चालू आहेत.

आता एक खरं सांगते. मी रजेवर नाही, शाळेतली नोकरी सोडलीय. दोन लूम काका बघतात, दोन मी. तू ओरडशील म्हणून लपवलं होतं. मला हे काम फार आवडतंय. सकाळी थोडा खोकला येतो, पण सध्या थंडीच आहे.

रत्ना


भिवंडी,
१६ फेब्रुवारी

दादा,

तू आईला फोन करून एकच वाक्य बोललास आणि ठेवलास, "तिला सांग, आजच्या आज लूम बंद कर." तो खोकल्याचा शब्द मी लिहायला नको होता असं आईचं मत आहे. माझं मत, बरं झालं लिहिलं. तुझा आवाज तरी घरात आला.

बंद मी करणार नाही. पण बाबांच्या छातीत काय गेलं ह्या तुझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलंय आणि ते पुस्तकातच होतं.

कापसाच्या झाडावर, बोंडावर जिवाणू राहतात. ते मरतात, पण त्यांच्या पेशीच्या सालीचे तुकडे कापसाच्या धुळीत तसेच राहतात. साल कशाची, तर मेद आणि साखर एकत्र जोडून केलेला एक मोठा रेणू. जिवाणूला तो चिलखत म्हणून लागतो. ती धूळ आपण श्वासातून घेतली की फुप्फुसातल्या राखण करणाऱ्या पेशी तो रेणू ओळखतात. त्यांना वाटतं, शत्रू आला. त्या लगेच प्रथिनांचे निरोप सोडतात, ते ऐकून बाकीच्या पेशी धावून येतात, नळ्या सुजतात, छाती आवळते. आत शत्रू कोणीच नसतो, नुसती त्याची साल असते. हे रोज होतं, वर्षानुवर्षं, आणि एक दिवस नळ्या पुन्हा मोकळ्या व्हायच्या थांबतात. अभ्यास करणारे लोक मुख्य दोष ह्याला देतात. सुताला नाही, लूमला नाही, त्या धुळीला.

आणि पुढची ओळ वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. सुट्टीनंतर कामाचा पहिला दिवस सर्वांत वाईट जातो, असं लिहिलंय. दादा, आपली सुट्टी शुक्रवारची. शनिवारी बाबांना जिना चढवायचा नाही. आपण त्याला बाबांचा शनिवारचा आळस म्हणायचो आणि बाबाही हसायचे. ते आळशी नव्हते. मला हे कोणाला तरी सांगायचं होतं, आणि तुझ्याशिवाय ते कोणाला कळणार?

तू रागावलास ते बरोबर होतं. तू चुकीच्या वस्तूवर रागावलास एवढंच.

आता काय करतेय ते ऐक. कोरडा झाडू बंद, ओल्या पोत्यानं पुसतो. मी, काका, आई, तिघं मास्क लावतो. काकांचा मास्क गळ्यात असतो, मी ओरडले की वर जातो. सरकारी दवाखान्यात जाऊन नळीत फुंकून आले, डॉक्टर म्हणाले फुप्फुसं चांगली आहेत, दर सहा महिन्यांनी येत जा. चिठ्ठीची झेरॉक्स जोडलीय, नाहीतर तू विश्वास ठेवणार नाहीस. आणि मोठा पंखा आणलाय. दाराच्या वर बसवला, तोंड आतल्या बाजूला. मस्त गार वारा येतो, आईच्या पदरावर रुईची भुरभुर उडते तेवढीच.

मला बाबांसारखं जायचं नाही. बाबांनी जॉबरकी करून, दुसऱ्यांचे लूम दुरुस्त करत, एकेक उभे केलेले लूम मारायचेही नाहीत. आणि मला तुझी फार आठवण येते. हे तीनही खरं आहे, त्यातलं एक खोडून दुसरं लिहिता येत नाही.

रत्ना


भिवंडी,
२ मार्च

दादा,

तू मागच्या खोलीत झोपला आहेस आणि मी पलीकडे बसून तुलाच पत्र लिहितेय. सवय लागली. तुझ्या बॅगेत ठेवीन, गाडीत वाच.

सकाळी दारात उभा राहिलास तेव्हा मला वाटलं आता रडशील, मिठी मारशील. तू वर बघितलंस आणि म्हणालास, "हा पंखा कोणी लावला?"

मी म्हटलं, मी.

"उलटा लावलायस. सगळी रुई उडवून आईच्या तोंडावर मारतेस. म्हणे बी.एस्सी."

पाच महिन्यांनंतर माझ्याशी बोललेलं हे तुझं पहिलं वाक्य. मला इतका आनंद झाला की मी उलट बोलायची विसरले. मग तू पिशवीतून पाना-पक्कड काढलीस, पंखा उतरवलास, मागच्या भिंतीला बाहेर तोंड करून बसवलास आणि समोरची खिडकी उघडलीस. उन्हाच्या पट्ट्यात रुई एका दिशेनं जाताना दिसली, ओढ्यातल्या पाण्यासारखी. नवशाकाकांनी ते बघून मास्क आपण होऊन वर घेतला.

आंघोळीच्या बादलीत तू गुपचूप कापडाचा तुकडा टाकलास, ते मी पाहिलं. तो बुडाला. तू बाहेर काढलास, पिळलास आणि दुसरा कोरडा घेऊन टाकलास. जेवताना आईला म्हणालास, "संध्याकाळच्या गाडीनं जातो. पंख्यासाठी आलो होतो, राहायला नाही." आईनं मान हलवली आणि तुझ्या ताटात आणखी वाढलं. मी मनात म्हटलं, आला तरी, पाऊल टाकलं तरी. लूम चालू असताना टाकलं. एवढ्यावर समाधान मानायला शिकलं पाहिजे मी, पण मला जमत नाहीये. तू जाऊ नयेस असं वाटतंय.

रात्रभर बसच्या प्रवासात जागला होतास, त्यामुळे आडवा झालास तो झोपलासच. भिंतीपलीकडे चार लूमचा खडखडाट, भांडी थरथरतायत, आणि तू तोंड उघडं टाकून लहानपणी झोपायचास तसा

हे पुढचं नंतर लिहितेय. मघाशी मध्येच लाईट गेली. चारही लूम एका दमात थांबले. गल्लीतले पण थांबले. आणि तू ताडकन उठून बसलास, डोळे पुरते उघडलेलेही नव्हते.

"बंद का केले? रत्ना, कोणी बंद केले?"

"लाईट गेली, दादा."

तू आईकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस. आपण काय विचारलं ते तुझं तुलाच कळलं असावं, कारण तू घाईघाईनं पाणी मागितलंस आणि न पिताच अनवाणी शेडमध्ये गेलास. लाईट येईपर्यंत तिथेच होतास. काका आत डोकावले आणि मला खुणेनं म्हणाले, बोलू नको, लूमचे पट्टे बघतोय.

लाईट आलीय. लूम सुरू झालेत. गाडीची वेळ टळून गेली आणि घरात कोणीही घड्याळाकडे बघत नाहीये. तू पलीकडून माझ्या नावानं ओरडतो आहेस, "रत्ना, ह्या लूमचा बाण्याचा आडवा धागा सारखा तुटतोय, कधीपासून?"

पत्र इथेच ठेवते. तोंडानंच सांगते.